गोठ्यातली खरखर

काष्टी, मंगळवार, दिवेलागण

आज गोठ्यातला रेडिओ मीच बंद केला. स्टेशन लागत नाही, नुसती खरखर. तर धार काढताना म्हैस बिथरली, बादली लवंडली. आई म्हणाली, "तिला गानं नगं, खरखरच लागती. गपगार झालं की पाला हालला तरी दचकती." पुन्हा लावला, आणि म्हैस पान्हावली. धारेचा आवाज खरखरीत विरघळत गेला.

माझं संशोधनातलं समीकरणही तसंच. आकड्यात कणभर फरक पडला की कॉम्प्युटरवर भलतीकडेच उधळतं. त्यातही अशी आकड्यांची खरखर सोडली तर? कसलाच नेम नसलेली? तिथेच, वैरणीवर बसून लॅपटॉप उघडला. आलेखाची उधळलेली रेघ हळूहळू एका जागी टेकली. शेजारी संथ रवंथ.

मग सहा महिने मी काय करत होते? आकड्यांतली खरखर गाळत होते.