पंचानं मला विचारलं, तुला न्हाई

अण्णा, मागच्या महिन्यात मैदानावर तुमच्यावरून भांडण झालं आणि त्यापायी मला रहिमतपूरला जाऊन यावं लागलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मिरजेत तुमच्या खेळावरून अजून माणसांचे आवाज चढतात, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? बहुधा काहीच नाही. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला असता आणि आईला म्हणाला असता, चहा टाक.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारते. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर आपल्या फुटबॉल मंडळाची माणसं बसलेली असतात. मॅच असो नसो, बोलणं एकाच विषयावर. गेल्या रविवारी कोण कसा खेळला इथून सुरुवात होते आणि बघता बघता गाडी जुन्या काळावर जाते. तवाचा सेंटर फॉरवर्ड डोक्यानं गोल मारायचा, दोन दात मैदानातच सांडले तरी थांबला न्हाई. मग कुणीतरी तरणा म्हणतो, दात सांडले म्हणजे खेळ चांगला का? आताचा पोरगा दोन्ही पायांनी मारतोय, त्याचं काय? मग जुना माणूस म्हणतो, आरं, तवा मैदानात खडी हुती खडी. तुमची ही गवतावरची लाडकी बाळं त्या खडीवर उभी तरी ऱ्हातील का? मी फेरी मारून परत त्याच जागी येते तोवर ते डाव्या विंगरवर पोचलेले असतात. कुणाचं पटत नाही, आणि कुणी उठूनही जात नाही. मला ते ऐकायला आवडायला लागलं होतं. मुद्दाम सावकाश चालायचे.

यंदा मंडळानं ठरवलं की खेळाडूंच्या खोलीच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्यात चांगल्या अकरा जणांची चित्रं काढायची. पेंटर बोलावला, रंग आणला. दहा जण भांडत भांडत का होईना, ठरले. अडलं ते गोलकीपरवर. त्या दिवशी मी पायऱ्यांपाशी आले तेव्हा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक तरणा उभा राहून बोलत होता. "त्यो फितूर गोलकीपर? त्याला भिंतीवर घ्यायचा? फायनल त्यानंच घालवली की! सोत्ताच्या तोंडानं गोल दिऊन आला गडी!" समोर बसलेले रिटायर्ड पोस्टमन काका लालबुंद झाले होते. "तू जन्माला तरी आलावतास का रं तवा? खरं बोलला म्हणून फितूर व्हय?"

मी थांबले. म्हटलं, ते माझे वडील.

तो मोबाइलवाला माझ्या हाताखालून गेलेला. खाली बघत म्हणाला, "बाई, मला ठावं नव्हतं." कुणीतरी खुर्ची आणून दिली. मी बसले आणि म्हटलं, अरे, बोला की. मलाही ऐकायचंय. खरंच ऐकायचं होतं, अण्णा, कारण त्या फायनलबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं आपल्या स्वयंपाकघरातलं आहे.

गर्दी फार असणार म्हणून त्या दिवशी तुम्ही मला नेलं नव्हतं. एरवी न्यायचा. गोलपोस्टच्या मागं तुमचा सदरा आणि घड्याळ सांभाळत मी बसायचे, आणि मला दर वेळी तेच नवल वाटायचं. घरात दिवस दिवस न बोलणारा माणूस तिथं तोंड मिटायचा नाही. "डावीकडं बघ, डावीकडं! सोडू नको गड्या त्याला, सावलीगत ऱ्हा! भले रं माझ्या राजा!" माझा राजा! आईला किंवा मला तुम्ही असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. हा माणूस कोण, असं मला वाटायचं. लोको शेडमधला फिटर आणि गोलपोस्टमधला हा बोलका गडी एकाच सायकलवरून घरी कसे येतात? तुमच्या हातांना ग्रीसचा वास मात्र दोन्ही ठिकाणी यायचा.

फायनलच्या संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा आई भाकरी थापत होती. मी पाटावर बसून पाढे लिहितेय. तुम्ही चुलीपाशी बसता आणि उजवा हात पुढं करता. करंगळी सुजून जांभळी झालीय. आई परातीतलं पीठ तसंच ठेवून हळद गरम करते, लेप लावते, चिंधी बांधते. बातमी तुमच्या आधी घरी आलेली आहे. गल्लीतली पोरं ओरडत गेलीत. बांधता बांधता आई विचारते, "पंचाला दिसला नव्हता म्हणं चेंडू. मग तुमाला कुणी विचारलंवतं?"

"व्हय," तुम्ही म्हणता. "पंचानं विचारलं."

बस, एवढंच. तुम्ही जेवलात आणि उठलात. त्यानंतर मंडळाची माणसं आपल्या दाराशी यायची बंद झाली. वाण्याच्या दुकानात तुम्ही शिरलात की बोलणं थांबायचं. तो मोसम संपला आणि तुम्ही खेळणं सोडलंत. शेडला जाताना मैदानाच्या कडेची सरळ वाट सोडून पुलाकडून वळसा घालून जायला लागलात. मी विचारलं तर म्हणालात, तिकडनं सावली असते. तिकडं एक झाड नव्हतं.

पायऱ्यांवर मी यातलं थोडंसं सांगितलं. मोबाइलवाला म्हणाला, "बाई, राग मानू नका. पण चेंडू खरंच आत गेलावता का, हे कुणाला ठावं हाय?" पोस्टमन काका म्हणाले, "गोल मारणारा अजून जित्ता हाय. सातारच्या संघाचा फॉरवर्ड. रहिमतपूरला आल्याची शेती करतोय. त्याला ठावं असंल." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला कुणी जा म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅसेंजरमध्ये बसलेले होते.

रहिमतपूरला स्टेशनाबाहेर दोघांना विचारलं, तिसऱ्यानं घरापर्यंत आणून सोडलं. म्हातारा ओट्यावर बाजेवर बसला होता, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. अंगणात आल्याचं बेणं पसरलेलं, त्याचा ओला तिखट वास. मी नाव सांगायच्या आतच तो म्हणाला, "मिरजंच्या गोलकीपरची पोर न्हवं तू? हनुवटी त्याचीच हाय. बस. मला वाटलंवतं कवातरी येशील. लय उशीर केलास."

सुनेनं चहा आणला. मी सरळ विचारलं, तो चेंडू आत गेला होता का?

"न्हाई," तो म्हणाला.

अण्णा, मला वाटलं होतं की मी काहीही ऐकायला तयार आहे. पण चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. म्हातारा सांगत होता, "बारच्या खालच्या अंगाला लागला, रेघंवर आदळला, आन तुझ्या बापानं उलटं पडत कवळला. चुन्याच्या फक्कीची रेघ. चेंडूच्या बुडाला फक्की चिकटल्याली म्या बघितली, एवढ्या जवळ हुतो. रेघंवर हुता चेंडू, पुरता आत न्हवता. पंच लांब, माणसांच्या मागं. लाइनमनच्या पुढ्यात तर सगळी पब्लिक आलीवती. पंच पळत आला, म्हणला, गोलकीपर, गेला का आत? तुझा बाप पाठीवर पडल्याला, धूळ डोळ्यात. म्हणला, गेला, साहेब."

"आणि तुम्ही?"

"मी? मी हात वर करून नाचत हुतो."

तो हसला, पण लगेच थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्यांचा संघ परत निघाला. तुम्ही इंजिन तपासायला फलाटावर आला होता. त्याला रात्रभर झोप नव्हती. त्यानं तुम्हाला पाण्याच्या टाकीमागं नेलं. "म्हणलं, आवं, चेंडू गेला न्हवता. तुमचा अंदाज चुकला. पर आता मी बोललो तर माझं वाटुळं हुईल. त्या गोलावर कारखान्याच्या साहेबानं मला त्यांच्या संघात बोलावलं हाय, नोकरीसकट. घरात खाणारी आठ तोंडं." मी विचारलं, मग ते काय म्हणाले? म्हातारा थोडा वेळ आल्याचा एक गड्डा हातात फिरवत बसला. "पयलं गप झाला. मग म्हणला, मला गेल्यागत वाटला. पंचानं मला विचारलं, तुला न्हाई. जा, गाडी सुटंल."

पुढं वर्षभर तो धास्तावलेला असायचा. मिरजेहून कुणी आलं की वाटायचं, आता सगळं बाहेर निघतंय. कधी निघालं नाही. नोकरी पक्की झाली, लग्न झालं, ही शेती झाली. निघताना मी विचारलं, हे मी मैदानावर सांगू का? म्हणाला, "सांग जा. आता मला कोण काढतंय नोकरीवरनं?"

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी एकच गोष्ट उलटीपालटी करून बघत होते. आपल्या घरात, निदान माझ्या मनात, तुम्ही खरं बोलून हरलेला माणूस होता. आता कळलं की तुम्ही खरं बोलायला गेलात आणि चुकलात. आणि चुकलो हे तुम्हाला दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं होतं. पुलाकडून वळसा घालताना तुमच्या मनात काय असायचं? त्या पोराच्या नोकरीसाठी गप्प राहिलात, का आपला अंदाज चुकला याची लाज होती? का दोन्ही? कधी वाटलं नाही, निदान आईला तरी सांगावं? मी ताकारीपासून सांगलीपर्यंत तुमच्या बाजूनं उत्तरं रचत आले. एकही तुमच्या आवाजात बसेना.

रविवारी मॅच संपल्यावर मी पायऱ्यांवर सगळं सांगितलं. मोबाइलवाला ताडकन उठला. "म्हंजे कप आपलाच हुता की!" आणि पुढं जे झालं ते बघायला तुम्ही हवे होता. इतकी वर्षं तुमची बाजू घेणारे पोस्टमन काका डोकं धरून बसले. "रेघंवरचा चेंडू कळू नये? गोलकीपरला? आन मी जन्मभर ह्याच्यासाठी भांडलो!" आणि तुम्हाला फितूर म्हणणारा तो पोरगा त्यांना समजावत होता. "काका, अंदाज कुणाचा बी चुकतोय. पर एवढं ऐकून घेतलं आन त्या माणसाचं नाव तोंडातनं काढलं न्हाई. ह्यो गडी पायजेच भिंतीवर." दोघांनी बाजू बदलल्या, आणि भांडण होतं तसंच चालू राहिलं. मला हसू आवरेना. एकानं तर उठून, पायरीची कड ही गोलची रेघ असं धरून, पडून दाखवलं.

भिंतीवरच्या जागेसाठी तुमच्या विरुद्ध उभा होता तो आताचा गोलकीपर. वडूजकडचा पोरगा, घरी मेंढरं, इथं दवाखान्यात वॉर्डबॉय आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला भिंतीवर नगं. मी अजून खेळतोय. भिंतीव गेल्यावं मानसं म्हनत्याली, संपला." सगळे हसले. पण पेंटर ताटकळला होता, त्याला दुसरीकडचं काम होतं. शेवटी हात वर करून ठरवायचं झालं. आधी तुमच्या नावाला, मग त्याच्या. मोजणी दोनदा झाली, कारण पोस्टमन काकांनी दोन्ही वेळा हात वर केला होता. एका हातानं तो पोरगा जिंकला. तुमचं नाव खाली राखीवमध्ये लिहायचं ठरलं, आणि मोबाइलवाल्यानं पेंटरला ते ठळक काढायला सांगितलं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्याच दिवशीच्या मॅचमध्ये त्या पोरानं उजवीकडं झेप घेऊन बोटाच्या टोकानं एक चेंडू बारवरून काढला होता. मी तो नीट पाहिला होता, चेंडू पायातून सुटल्यापासून ते बाहेर जाईपर्यंत. तुमचा एकही चेंडू मी असा पाहिलेला नाही. गोलच्या मागं बसून मी नुसती तुमच्याकडं बघत असायचे, खेळ कुठं चाललाय ते मला कधी कळलंच नाही. अण्णा, तो एक हात माझा होता.