एका माणसाचं वजन

प्रिय मालीस,

हे पत्र नुओन मावशीच्या मडक्यांबरोबर येतंय, म्हणून त्याला आंबवलेल्या मासळीचा वास येईल. नाक मुरडू नकोस. तळ्याचं पाणी उतरतंय. बुडालेल्या झाडांचे आधी शेंडे, मग खांदे वर येताहेत. सकाळच्या धुक्यात आपली वस्ती पाण्यावर तरंगतेय की ढगात, हे मलासुद्धा सांगता येत नाही. घरं खोल पाण्याकडे ओढून न्यायचे दिवस आले. माझी होडी पोलिसांनी अडकवलीय, तेव्हा यंदा आपल्या वस्तीतला तो पोरगा साम घरं ओढतो. गाठ मारतो ती नवरीच्या केसांना मारावी तशी! परवा एक घर निम्म्या वाटेत सुटलं. मी काही बोललो नाही. बरं, थोडं बोललो.

त्या दिवशीचं तुला आतून जेवढं दिसलं, तेवढंच माहीत असेल. बाहेरचं मी सांगतो. तुझ्या नवऱ्यानं, पिसेतनं, मासेमारीच्या ठेकेदाराची तळ्यातली बेकायदा जाळ्यांची कुंपणं कापली, मासे मोकळे झाले आणि त्याच्या नावानं वॉरंट निघालं. मी नुओनचं घर ओढत डिझेल विकणाऱ्या तराफ्यापाशी थांबलो होतो. नवा फौजदार तिथे कॉफी पीत होता. माझ्या होडीचं इंजिन मी स्वतः जुळवलंय, कुठल्या शाळेत शिकून नाही. मागे ओढलेल्या घरात एक मांजर जास्तीचं असलं तरी इंजिनाच्या आवाजावरून मला कळतं, हे सगळ्या तळ्याला ठाऊक आहे. मी सवयीनं ओरडलो, “नुओन, यंदा घर जड झालंय गं! तू जाडी झालीस की तुझं डुक्कर?” फौजदारसुद्धा हसला. नुओन हसली नाही. चुलीवरचा भात ढवळत राहिली. भात कोणी ढवळतं का? तेव्हा मला उमगलं. मी दोर पुन्हा तपासला आणि ठरलेली जागा सोडून बुडालेल्या जंगलाकडे वळलो.

फौजदाराला माझं ओरडणं नंतर आठवलं. फरारी आरोपीला जाणूनबुजून पळवलं, असा गुन्हा माझ्यावर आहे. वकील पोरगा गोड आहे. म्हणतो, “काका, आत कोण होतं ते माहीत नव्हतं, एवढंच म्हणा. घर ओढणारा घरात डोकावतो थोडाच? सुटलात!” मला कळलं नाही, असं मी म्हणायचं? चारचौघांत? नुओन म्हणते, “भाऊजी, तुमची फुशारकीच तुम्हाला आत घालणार.” घालू दे. शिवाय मला माहीत नव्हतं म्हटलं, की मग कोणाला माहीत होतं, हा पुढचा प्रश्न येतो. म्हणून मी सांगणार, पिसेतला जाळ्यांच्या ढिगाखाली मीच बसवलं, नुओनला पत्ता नव्हता.

कुंपणं मीही पाहून आलो. काही दोऱ्या उजव्या हातानं कापल्यात, काही डाव्या. आपल्या वस्तीत डावखुरं कोण आहे, हे फौजदाराला माहीत नाही. तू केव्हाच शहरात कपड्यांच्या कारखान्यात गेलीस, असंच सगळे समजतात. समजू देत.

लहानपणी तू पाण्यात पडू नयेस म्हणून तुझ्या कमरेला दोरी बांधून तिचं टोक मी मनगटाला गुंडाळत असे आणि इंजिन दुरुस्त करत बसे. तू कडेला गेलीस की मनगटाला कळायचं. त्या दिवशी झाडांच्या सावलीत, मागे बांधलेल्या माझ्या छोट्या नावेत पिसेत उतरला, तेव्हा घर जरा वर आलं. माझा हात दोरावर होता. मग घर पुन्हा वर आलं, थोडंसंच. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर शपथेवर सांगावं लागलं असतं. उद्या न्यायाधीश विचारतील, घर नेहमीपेक्षा किती जड होतं. मी सांगणार आहे, एका माणसाइतकं. जन्मात पहिल्यांदा मी वजन चुकीचं सांगणार. तुझ्या कानावर आलं तर हसू नकोस, रडू नकोस आणि माझी चूक दुरुस्त करायला परत येऊ नकोस.

तुझाच,
बाबा