बिनसहीचा कागद

पॉप्लर फोर्ड,
३ ऑगस्ट

ती. ओरेस्टमामास,
सा. न. (आईने डोकं टेकवून लिही म्हणून सांगितलंय, तसं समज.)

तारसदादाने अकरा हिवाळ्यांनंतर बर्फावरच्या हॉकीची काठी खाली ठेवली. वीस तारखेला गावच्या रिंकवर त्याचा सत्कार आहे. घरात कॉलेज शिकलेली मी एकटीच, म्हणून भाषण माझ्या गळ्यात पडलंय. नुसती स्तुती मला जमत नाही. दादा अठराचा असताना, संघ नवी पोरं निवडतात त्या ड्राफ्टच्या दिवशी, खेळाडू हेरणाऱ्या पारख्यांनी त्याच्याबद्दल काय लिहिलं होतं ते वाचायचं आणि पुढे काय घडलं ते सांगायचं, असं ठरवलंय. एकाने लिहिलंय, मुलगा गरीब गाय, भांडणात पडणार नाही. दादाचं नाक तीनदा मोडलंय. त्याने किती मोडली, ते आई मोजू देत नाही. दुसरा म्हणतो, दरसाल तीस गोल करेल. अकरा वर्षांत मिळून अडतीस झाले.

पण कडी केलीय एका बिनसहीच्या कागदाने: पाय जड, डोकं रिकामं, दोन हिवाळे टिकला तरी देव पावला. सातशे चार सामने खेळला, मामा! शेवटच्या फेरीत ज्या संघाने त्याला उचललं, त्यांनीच तो कागद गंमत म्हणून त्याच्या हातात दिला होता. दादा तो प्रत्येक सामन्याआधी वाचायचा आणि दात-ओठ खायचा. तू तीस वर्षं पारखी होतास. हा गाढव कोण, तेवढं कळव. स्टेजवरून नाव घेणार आहे.

लोभ आहेच, तो सत्कारापर्यंत तरी टिकव.
तुझी लारिसा

सरोवरकाठ,
९ ऑगस्ट

चि. लारिसास, अ. आ.

गाढव मीच.

आम्ही सगळे पारखी रिंकच्या कँटीनमध्ये एकाच टेबलाशी बसायचो, एकमेकांना कॉफी पाजायचो आणि एकमेकांच्या वह्यांत डोकावायचो. तारस मला आमच्या संघात हवा होता. बाकीच्यांनी त्याला हात लावू नये म्हणून तो कागद खरडला आणि माझ्या कपाखाली विसरल्यासारखा ठेवून आलो. तासाभरात सगळ्यांचा वाचून झाला. खरा अहवाल मी आमच्या मॅनेजरला दिला. पण त्याच्याही कानावर कँटीनची बातमी गेलेली! वर मला म्हणतो, ओरेस्ट, सख्ख्या भाच्याबद्दल कुठला मामा उगाच वाईट लिहील? म्हणजे कँटीनमधलंच खरं. झालं. तिसऱ्या फेरीत जाणारं पोर नवा कोट घालून सहा तास बसून राहिलं, आणि मी समोरच्या टेबलावरून बघत राहिलो. तेव्हापासून तुझ्या आईचे बटाट्याचं सारण भरलेले पेरोगी मला गोड लागले नाहीत. (खाल्ले मात्र.)

त्याला कळलं तर संपलं. दर रविवारी मला फोन करणारं जगात एवढं एकच माणूस आहे. वाचू नकोस, बाई. गुडघा दुखतोय, मी येत नाही.

या म्हाताऱ्यावर माया असू दे.
ओरेस्टमामा

पॉप्लर फोर्ड,
१३ ऑगस्ट

ती. मामास, सा. न.

आधी हसले, मग रागावले, मग परत हसले. कागद वाचणार नाही. पण दादाने जन्मभर खोट्यावर दात-ओठ खावेत, हेही मला पटत नाही. सोळाला तो तुझ्याकडे मासे धरायला येतोय, मीच पाठवतेय. तू स्वतः सांग आणि खरा अहवालही दाखव. गुडघ्याचं कारण त्याला सांगू नकोस. तो सात वर्षं गुडघ्याला पट्टा बांधून खेळलाय.

रागासकट तुझीच,
लारिसा

सरोवरकाठ,
१७ ऑगस्ट

चि. पंडिताबाईंस, आशीर्वाद.

मामाने होडी मधोमध नेली, मला उतरता येणार नाही याची खात्री केली आणि मग सांगितलं. मी इतका हसलो की गळाचा मासा सुटला. त्या रागावर सातशे सामने काढले, आणि लिहिणारा दर रविवारी माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता! म्हातारा रडला. मी पाठ थोपटली. तिथवर सगळं छान होतं.

मग त्याने खरा अहवाल काढला. दहा-बारा हिवाळे खेळेल, दुखणं लपवेल, जोडीदारासाठी मार खाईल. ठीक. खाली लिहिलंय, गोल करणं याच्या नशिबात नाही, सगळे मिळून चाळीसच्या आत. मी विचारलं, अठरा वर्षांच्या भाच्याबद्दल असं लिहवतं तरी कसं? तर वर तोंड करून म्हणतो, मग झाले किती? कालपासून आमचं बोलणं बंद आहे.

तेव्हा सत्काराला तो बिनसहीचाच वाच, खुशाल मामाचं नाव घेऊन वाच. तो मी खोटा पाडलाय. हा खरा स्टेजवर आणलास तर मी उठून जाईन.

मामाला घेऊन येतोय. मागच्या सीटवर बसवून.

तुझा, नाक वाकडं असलं तरी मन सरळ असलेला,
तारसदादा