धुऱ्यावरचं झिजलेलं अक्षर

८ जून २०१७, जानेफळ
आलो, आणि आल्या आल्या जेवून तृप्त झालो. सईदभाईंनी पुढची खोली दिली. त्यांच्या घरच्या सुगराबींनी भाकर-ठेचा असा वाढला की सभेतल्या टाळ्याही फिक्या. ज्याच्यासाठी आलो तो हातभर उंचीचा कोरीव दगड त्यांच्याच वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. कॅमेरा एका जागी ठेवायचा, काळ्या कापडाखाली दिवा चहूबाजूंनी फिरवत फोटो काढायचे. संगणक ते जोडतो. मग पडद्यावर उजेड हवा तसा फिरवा, डोळ्याला न दिसणारी अक्षरं सावलीतून उठतात. ज्ञान चार पंडितांच्या कपाटातून असं रानात यावं, हेच तर मी आयुष्यभर सांगत आलो.

सईदभाई या धुऱ्याला नांगर लावत नाहीत. बीटी कपाशीच्या थैलीसोबत येणारं साधं बियाणं बाकी गाव फेकून देतं. सईदभाई ते धुऱ्याशी पेरतात. अळ्यांचा वाटा म्हणे.

१० जून
पहिलं वाचन झालं. ‘शेताची कड किड्यांची. जो ती नांगरतो, त्याच्या ... किडा घर करो.’ मधला शब्द झिजला आहे. मी ‘शेतात’ धरला. दुसरं काय असणार?

संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर लोक जमले. मी बोललो. कुण्या मेलेल्या राजाच्या धमकीला भिऊन तुम्ही जिवंत माणसाचा घास किड्याला घालता? फोडा तो धुरा, असं म्हणालो. सईदभाई हसत म्हणाले की सर, तुमचं बोलणं आयकून तं बैलबी मान डोलवन.

११ जून
सकाळीच त्यांनी धुरा फोडला. दगड माझ्या खोलीत आणून ठेवला. कामाला सोय झाली.

२१ ऑक्टोबर
कपाशीचं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. पण साऱ्या तालुक्यात हेच आहे. शेजारच्या नारायणरावांनी आपल्या बाजूचा धुरा राखला, त्यांचीही पऱ्हाटी गेली. म्हणजे दगडाचा संबंध नाही. हे मी सुगराबींना ठासून सांगितलं, सांगताना आवाज फाटला. त्या म्हणाल्या, सर झोपेतबी भाषण देतेत काय, घशाले जरा सुट्टी द्या.

२९ ऑक्टोबर
घशात वळवळतं. मेहकरच्या डॉक्टरांनी बॅटरीने पाहिलं, काही नाही म्हणाले.

जूनचे फोटो पुन्हा उघडले. उजेड डावीकडून, अगदी आडवा. एवढा आडवा तेव्हा केलाच नव्हता. मी ‘कसति’ वाचलं होतं. नांगरतो. ‘स’ला काना आहे, पुढे ‘पे’ आहे. ‘कसापेति’.

नांगरायला लावतो.

नांगरणारा नव्हे. त्याला सांगणारा.

२ नोव्हेंबर
झिजलेला शब्द. उजेड खालून. ‘शेतात’ नाही —

‘कंठात’.

आवाज गेला. खोकलो तेव्हा वहीवर काही पडलं. गुलाबी. हललं.

४ नोव्हेंबर
सईदभाई पऱ्हाटी उपटून हरभरा पेरणार. नांगराचं एक तासही वाया घालवायचं नाही म्हणतात, धुऱ्यासकट पेरायचं. सुगराबी सांगतात, सईदभाई गावभर हेच सांगत फिरतात, धुरे फोडा. माझे शब्द, माझे हातवारे —

आज खोकत होते.

माझं झालं ते झालं. त्यांचं नको.

५ नोव्हेंबर
सईदभाई निघाले. नारायणरावांना त्यांचा धुरा फोडायला सांगायला. दारात आडवा आलो. हसले, म्हणाले, बोला नं सर, सारं तुमच्याच तोंडचं तं हाय.

तोंड उघडलं — त्यांनी आत पाहिलं — मागे सरले —

थांबा. लिहितो. वही धरतो समोर, वाचा. सईदभाई, कुणाला सांगू नका. नांगरणाऱ्याला काही होत नाही. जो सांगतो, त्याच्या—