बोरटोल्याचे फोडलेले धुरे

प्रति,
मोठे साहेब,
सरकारी ट्रॅक्टर नांगरणी केंद्र, चांदा.

विषय : डायव्हर घनश्याम मनसाराम याले पंधरा दिवस, बिगर ट्रॅक्टरचा, गावी पाठवण्याबाबत.
संदर्भ : आपलं ५ एप्रिलचं पत्र अन् त्याच्यासंग आलेला डायव्हरचा रिपोट.

महोदय,

टेबलावरचे बाकीचे कागद जरा सरकवा, साहेब. अर्जदार मनसाराम, राहणार बोरटोला, सावली गावापासून दोन कोस, तुम्हाले तीन नांगराची गोष्ट सांगते. लंबी नाई, पण शेवटलोक आयका.

१. अर्जदाराच्या आज्याचा नांगर बाभळीचा. मोडला का जंगलातून लाकूड आणावं अन् घरीच तासावं. बाप कर्ता झाला तं त्यानं बजारातून लोखंडी नांगर आणला. आजा महिनाभर त्याले हात लावे नाई. म्हणे, "हे लोखंड जमिनीले टोचते रे." पण बैल तेच, बांध्या त्याच. साहेब कापसाच्या मुलकातले असान म्हून सांगतो, बांधी म्हणजे धानाचा लहानसा तुकडा. भवताल मातीचा धुरा असते, म्हून त्यात पाणी थांबते.

२. मंग अर्जदाराचा पोरगा घनश्याम तुमच्या केंद्रात डायव्हर झाला. परारसाली उन्हाळ्यात ट्रॅक्टर घेऊन आला तं अर्धं गाव मांगं धावलं. अर्जदाराची छाती एवढी फुगली का बंडीत मावली नसती. पोरगा म्हणे, "बाबा, इतकुशा बांधीत हे मशीन वळत नाई. धुरे फोडा, एकच चक बनवा. मी दरसाल येतो ना!" घरची बाई ताराबाई म्हणे, "अवो, धुरे नसले तं पाणी का पोराच्या शब्दावर उभं राहीन?" अर्जदारानं तिले चूप केलं. चौदा धुरे फोडले. आज्यानं डोक्यावर माती वाहून बांधले होते ते. बैलजोडी लेकीले, गोकुळाले, आंदण देऊन टाकली. आंदणाचा बैल आमच्याकडं वापस मांगत नाई, सासरी लेकीची मान खाली होते.

३. सुक्या जमिनीत ट्रॅक्टर वाघासारखा चालला. आखाडात चिखलात उतरवला तं पोटालोक फसला. आठ बैलजोड्या लावून काढला. शेजारचा पोचू म्हणे, "काऊन मनसाराम भाऊ, मशीन नांगराले आणली का बैलाईले कसरत द्याले?" सारे हासले. अर्जदारही हासला, पोराले वाईट वाटू नये म्हून. त्या साली पाणी थांबलंच नाई, धानाचे रोप, पऱ्हे, उभ्यानं वाळले. मांगच्या सालीही तसंच.

४. सुक्यात तरी नांगरून द्या म्हून अर्जदारानं ट्रॅक्टरसाठी दोन अर्ज केले. तुमचं पत्र आलं का ट्रॅक्टर आता कोरपन्याकडं काळ्या मातीत चालते. चालू द्या. पण संगच्या रिपोटात लिवलं आहे, "सदर जमीन ट्रॅक्टरास अयोग्य. धुरे पाडणे ही शेतमालकाची स्वतःची चूक." खाली सही घनश्यामची. अर्जदार तिसरी शिकला आहे, साहेब. तीनदा वाचलं. तारीख पाहिली तं ट्रॅक्टर चिखलातून काढला त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. म्हणजे हे लिहून झालं होतं, अन् दोन्ही दिवाळ्याईले पोरगा घरी जेवून "येतो ना बाबा, येतो" म्हणतच होता. जमिनीबद्दल त्यानं खरं लिवलं. पण आधी बापाले सांगाचं होतं.

५. ट्रॅक्टर नको. नांगराले पोचू आपली जोडी देतो म्हणते. पण मिरगाच्या आधी धुरे उभे नाई झाले तं औंदाही धान नाई, अन् अर्जदाराच्या एकट्याच्या कमरेनं चौदा धुरे होत नाई. बापाच्या चिठ्ठीले घनश्याम उत्तर देत नाई. सरकारी हुकूम मोडणार नाई. म्हून हुकूमच काढा का फावडा घेऊन पंधरा दिवस बोरटोल्याले हजर व्हावं. त्याच्या नोकरीले धक्का लावू नका, शेरा मारू नका. अन् बापानं रिपोट वाचला हे हुकमात लिहू नका, साहेब. ते त्याले इथी येऊन आपल्या तोंडानं सांगू द्या.

हुकमाची वाट पाहून राह्यलेला,
अर्जदार मनसाराम
मौजे बोरटोला, ता. २ मे १९५७