कुलपापलीकडचे बाबा

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रिय भोंग्या,

आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आहे, आणि स्वयंपाकघरातला नळ अखेर बदलून घेतला. पत्र कागदावर आलं म्हणून नवल वाटून घेऊ नकोस. ईमेल पाठवली की समोरच्यानं ती कधी उघडली, किती वेळा उघडली हे बघत बसायची मला नोकरीमुळे खोड लागली आहे, आणि या वेळी मला ते बघायचं नाही.

तू दोन गोष्टी विचारल्यास. न्यूजलेटरसाठी जुना प्लॅटफॉर्म सोडून आता कुठे जावं, आणि बाबांवरची लेखमाला तिथे फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवली तर माझी काही हरकत नाही ना. पहिल्याचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे.

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याची ईमेल-पत्रं मी रुग्णांना इतकी वर्षं पाठवते आहे, पण लेखकांसाठीच्या या दुकानांत कधी शिरले नव्हते. तुझ्यासाठी शिरले. चारपाच ठिकाणी खोट्या नावानं खाती उघडली, त्यांचे सल्ले वाचले आणि शिसारी आली. जो स्वतःला फुकट म्हणवतो तो आवळा देऊन कोहळा काढणारा आहे. आज काही मागत नाही, पण वाचकांच्या वर्गणीतला वाटा जन्मभर कापतो, वर तुझ्या लेखाखाली दुसऱ्याच कुणाच्या जाहिराती चिकटवतो. दुसरा एक रोज सकाळी कळवतो की कालचा मथळा पुरेसा हळवा नव्हता. आणखी एकाकडे वाचकाला नाव काढून घ्यायचं असेल तर 'खरंच जाताय?' म्हणून इतक्यांदा विचारतात की बिचारा कंटाळून राहतो. दवाखान्यात आम्हीही माणसांना इतकं छळत नाही, आणि आम्ही डोळ्यांत झोंबणारे थेंब घालतो.

घ्यायचाच तर तो साधा, महिन्याचं भाडं घेणारा घे. दिसायला सरकारी कार्यालयासारखा रुक्ष आहे, पण वाचकांचे पत्ते तुझे राहतात, हवे तेव्हा उचलून दुसरीकडे नेता येतात. बाकी सगळं नंतर निस्तरता येतं, पत्ते एकदा दुसऱ्याच्या हाती गेले की गेले. झालं पहिलं उत्तर.

दुसऱ्याला हात घालायचा तर त्या कुलपाबद्दल बोलावं लागेल. या सगळ्या ठिकाणी लेखाच्या मध्ये एक रेघ ओढायची सोय असते. रेघेवरचं फुकट, खालचं पैसे भरून. आणि सल्ला सगळ्यांचा एकच, की वाचकाचा श्वास अडकेल तिथे रेघ ओढा. तू लहानपणी कुणाचंच ऐकायचा नाहीस, यांचं बरोबर ऐकलंस.

मागच्या महिन्यात आई म्हणाली, तो बाबांवर लिहितो म्हणे, मला वाचून दाखव. जेवणाच्या टेबलावर फोन उभा केला आणि वाचायला लागले. बाबांची फ्रीज दुरुस्तीची पेटी, त्यांच्या हातांना येणारा गॅसचा वास, सगळं तू छान लिहिलं आहेस, उगीच नाही कशाला म्हणू. मग हॉस्पिटलची खोली आली. त्या खोलीत तू पाऊलही टाकलं नव्हतंस. 'बाबांनी डोळे उघडले, ताईचा हात धरला आणि म्हणाले,' असं वाक्य, आणि त्याच्या खाली कुलूप. पुढे वाचण्यासाठी पैसे भरा.

आईनं फोन स्वतःकडे वळवून बघितला. मग म्हणाली, "आपल्यालाही?"

मी कार्ड आणलं आणि पैसे भरले. लगेच पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडाले आणि आमचं अभिनंदन झालं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकून होते. त्या दिवशी त्याची पावतीसुद्धा मिळाली.

कुलपाखाली बाबा म्हणत होते, 'आईला जप. आणि त्याला सांग, लिहीत राहा.' अरे, बाबांनी औषधाच्या वेष्टनापलीकडे कधी काही वाचलं होतं का? तुझं लिहिणं म्हणजे त्यांच्या मते बसल्या जागची टंगळमंगळ. मी मनातल्या मनात तुला लाखोली वाहत होते आणि तोंडानं वाचत होते. संपलं तेव्हा आई रडत होती. मला वाटलं, आता तुझ्यावर चिडेल. ती माझ्यावर चिडली.

"एवढं बोलले ते, आणि तू मला सांगितलंस झोपेत गेले?"

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. गोळी दे, दिवा बंद कर, संपलं. तुझी ती दोन वाक्यं मात्र तिला पाठ आहेत, शेजारच्या बाईंना ऐकवते. जो तिथे नव्हता तो खरा आणि जी होती ती खोटारडी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं. पण यातला संन्यासीही तितकासा सोवळा नाही.

बाबा झोपेत गेले नाहीत. आई अंघोळीसाठी घरी गेली होती. त्यांना तेव्हा फारसं दिसत नव्हतं. त्यांनी माझा हात चाचपला आणि विचारलं, "आलास का रे?" मी गप्प राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं आणि उठायची धडपड करायला लागले. मग मी "हो" म्हणाले. त्यांनी हात दाबला आणि मान उशीवर टेकली. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

त्यांची कूस बदलली मी, भांडं उचललं मी, आणि शेवटी त्यांनी हात धरला तो तुझा. याचा मला अजून राग येतो, आणि राग येतो याची लाज वाटते. आईला हे काय सांगणार होते? नवरा मुलाची वाट बघत गेला, हे? त्यापेक्षा झोपेत गेले म्हटलेलं बरं वाटलं.

तेव्हा हरकत आहे. लेखमाला कुठेही ने, ती पेटी आणि तो गॅसचा वास खुशाल विक. हॉस्पिटलची खोली मात्र काढून टाक, कुलपावरची आणि कुलपाखालचीही. आणि बाबा ते बोललेच नव्हते हे आईला तू सांग. मेलवर नाही, फोनवर नाही, इथे येऊन, तिच्या समोर बसून. मी सांगितलं तर तिला वाटेल, तुझं कौतुक मला बघवत नाही.

बाबांच्या लेखी तू वेळेवर आला होतास. आईच्या बाबतीत मला पुन्हा तुझा हात व्हायला लावू नकोस.

तुझ्या वतीनं 'हो' म्हणालेली,
ताई