दुमडलेली टोकं

३ फेब्रु., मंगळ.
आज चिप साफ निघाली. बुडबुडा नाही, धूळ नाही. सकाळीच दिवे बंद करून मायक्रोस्कोपवर बसले. दुपारपर्यंत अकरा रेणू चॅनेलात शिरलेले मिळाले. चॅनेल म्हणजे चिपवर कोरलेली, केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी रुंद नळी. एरवी गुंता होऊन पडणारा डीएनए तिच्यात लांब होतो. किती लांब, एवढंच मोजायचं. पीएच.डी.चं पाचवं वर्ष.
पण लांबी जास्त येतेय. सरांच्या, म्हणजे माझ्या गाईडच्या, जुन्या पेपरातल्या आकड्यापेक्षा दर वेळी जास्त. माझंच काही चुकत असेल.

५ फेब्रु.
बफर, म्हणजे रेणू ज्यात सोडतो ते खारं द्रावण, नवा केला. मीठ कमी पडलं की रेणू ताठ होतो, म्हणून मीठ पुन्हा तोललं. तरी तेच.
काटोलहून आईचा फोन. "काय करून राहिली वं?" म्हटलं, मोजून राहिली. "अजून? काहून संपत नाही तुझं मोजणं?" हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आज दिवसभरात एवढंच बोलले. सोबतची शिल्पा पुण्याला गेल्यापासून लॅबमध्ये मी एकटीच.

८ फेब्रु., रवि.
कपडे धुतले, मनीषनगरच्या बाजारातून मेथी आणली, निवडली नाही. सरांनी निवृत्त होताना दिलेली डिस्क लावली. त्यांचे जुने व्हिडिओ. दुपारपासून तेच पाहतेय.
रेणूचं एक टोक जास्त उजळ. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही.
रेणू दिसावा म्हणून त्याला चमकणारा डाय लावतात; उजेड दुप्पट म्हणजे तिथे रेणू दुमडलेला. शिरताना दुमडून शिरतो, मग हळूहळू उलगडतो. सरांनी शिरल्याबरोबर मोजलाय. म्हणून आखूड. तेव्हाचा कॅमेरा मंद, दिवा प्रखर ठेवावा लागायचा. थांबलं तर त्या उजेडाने रेणूच तुटायचा. घाई करणं भागच होतं त्यांना.

९ फेब्रु.
त्यांच्याच व्हिडिओतले न दुमडलेले तेवढे वेगळे काढून मोजले. माझा आकडा आला.
म्हणजे मी बरोबर. कोणाला सांगू? हे ऐकून ज्याला कळेल असा माणूस या गावात एकच. आणि नेमका तोच…

१२ फेब्रु.
सदरला सरांच्या घरी. मॅडम गेल्यापासून घरात टीव्ही चालूच असतो, पाहत कोणी नाही. चहा त्यांनीच केला, साखर विसरले. मी तसाच प्यायले. कपाटातून तो पेपर काढला, कोपरे पिवळे पडलेत. "एवढं एक काम राहीन माझं, सुजाता."
लॅपटॉप बॅगेतच राहिला. मेट्रोत बसल्यावर स्वतःचा राग आला.

१६ फेब्रु., सोम.
सरांना सांगितलं. दारातच, चप्पल न काढता. नाहीतर पुन्हा जमलं नसतं.
"दाखव."
तीन वेळा पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "मले दिसलं होतं हे तेव्हाच. वाटलं, डाय जास्त लागला असन."
मी म्हटलं, सर, तेव्हाच्या कॅमेऱ्यात थांबता आलं नसतं. "थांबता आलं नसतं," ते म्हणाले, "पण लिहिता आलं असतं."
चहा झाला नाही आज.

१८ फेब्रु.
न सांगता लॅबमध्ये आले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा. स्टूल ओढून बसले. "लाव."
पहिला रेणू दुमडलेला शिरला. उलगडता उलगडता मधेच तुटला. मला वाटलं, आता उठतील. "दुसरा पाहू," म्हणाले.
चौथा पूर्ण उलगडला. उजळ टोक आखूड आखूड होत गेलं, शेवटी सगळा रेणू एकसारखा. सर स्क्रीनजवळ इतके वाकले की मला काही दिसेना. मी सरका म्हटलं नाही.
जाताना माझ्या थिसिसमधल्या या प्रकरणाची प्रत काखेत घातली. शुक्रवारी थिसिस द्यायचा, त्यावर त्यांची सही लागते. करतील की नाही, बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
गेटपाशी थांबले. "सुजाता, हे सांगाले घरी कोणी नाही वं आता."
ऑटो येईपर्यंत त्यांच्याजवळ उभी राहिले.